शिमल्याच्या खिडकीत खर्ड्याची मिरची

विट्याकडच्या गावांत कुणाचा मुलगा काय करतो असं विचारलं आणि "गलाईला असतो" असं उत्तर आलं, की पुढचा प्रश्न फक्त शहराचा उरतो. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव हे सांगलीचे आणि माण, खटाव हे साताऱ्याचे तालुके. पाऊस बेताचा, शेती बेभरवशाची. इथली माणसं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देण्याच्या कामात शिरली आणि एकमेकांना ओढत देशभरच्या सराफ पेठांत पोचली. माझ्या माहेरची कोईमतूरला आहेत, चुलतदीर सिलिगुडीला, आणि आम्ही शिमल्याला. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर. जानेवारीत रात्री पारा दोन-तीन अंशांवर येतो, बर्फ पडलं की आणखी खाली.

वर्षाची चटणी गावाहून येते. उन्हाळ्यात सासूबाई ती कांदा-लसूण घालून कुटून घेतात आणि गावाकडून कुणी दुकानात कामाला येणारा असला की त्याच्या बॅगेत डबा असतोच. लाल तिखटाची म्हणून आम्हाला कधी ददात नाही. अडतं ते खर्ड्यावर. त्याला हिरवी मिरची लागते आणि विट्याहून निघालेली हिरवी मिरची कालक्याला पोचेपर्यंत मऊ पडते. इथल्या बाजारात मिरची बारमाही मिळते, खालच्या मैदानातून येते, दिसायला लांबसडक आणि टवटवीत. पण तव्यावर परतली तरी शेजारच्या खोलीत कुणी खोकत नाही. म्हणून मी घरात मिरची लावते. पैशांचा हिशेब केला तर परवडत नाही, हे आमच्या ह्यांनी वहीत मांडून दाखवलेलं आहे.

१. थंडीत मिरची पिकवायची नसते, जगवायची असते.

हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं यातूनच निघतं. आपल्याकडं जून-जुलैत लावण, पुढं तोडे, आणि हंगाम संपला की झाडं उपटून रान मोकळं. त्यामुळं मिरची सहा-आठ महिन्यांचीच असा आपला समज होतो. मुळात ते बहुवर्षायू झुडूप आहे. गारठ्यानं मेलं नाही तर काही वर्षं जगतं, बुंधा लाकडासारखा टणक होतो. म्हणून इथलं वेळापत्रक असं: फेब्रुवारीत बी, मेमध्ये मोठी कुंडी, जुलै ते ऑक्टोबर मिरच्या, नोव्हेंबरात छाटणी, आणि तिथून मार्चपर्यंत झाडाला विश्रांती. छाटताना वीत-दीड वीत खोड आणि त्यावर फांद्यांचे दोन-चार खुंट ठेवायचे. पानं जवळजवळ सगळी जातात, झाडाकडं बघवत नाही. मग बारा-पंधरा अंशांच्या, उजेडाच्या खोलीत ठेवून अगदी थोडं पाणी द्यायचं. मार्चमध्ये खुंटांना हिरवे डोळे फुटतात आणि नव्या रोपांच्या बऱ्याच आधी या जुन्या झाडाला मिरची लागते. जानेवारीतच ताजी मिरची हवी असा हट्ट धरणारे लोक हिवाळाभर हीटर आणि दिवे लावून बसतात. मला त्यांचं कौतुक नाही. जानेवारीत चटणी खावी.

२. बी ओळखीच्या झाडाचं घ्यावं.

बाजारातल्या संकरित मिरचीचं बी धरलं तर पुढची पिढी आईबापांसारखी निघेलच असं नाही. एक झाड तिखट, दुसरं पोचट. गावाकडची जवारी मिरची किंवा ज्वालासारखा सरळ वाण असला तर बी धरता येतं. कुंडीला लवंगी फार छान, झाड आटोपशीर राहतं आणि मिरच्या भरपूर येतात. बेडगी मी लावत नाही. तिचं खरं काम रंगाचं, ती वाळून सुरकुतल्यावरच कामाची. संकेश्वरीचं नाव मोठं आहे, पण आमच्या खिडकीत ती पसरून बसते.

बी धरायचं ते पूर्ण लाल झालेल्या मिरचीचं, सावलीत वाळवून. पत्र्यावर कडकडीत उन्हात वाळलेल्या मिरचीतलं बी पुष्कळदा उगवत नाही. काढताना हाताला गोडं तेल चोळावं. तिखटपणाचं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळं नुसतं पाण्यानं हात धुऊन डोळ्याला लावणाऱ्याला पुढचा तासभर काही सांगायची गरज उरत नाही.

३. बियाला उजेड नको, ऊब हवी.

मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत आठ-दहा दिवसांत तोंड उघडतं. फेब्रुवारीतल्या शिमल्याच्या खोलीत बारा-तेरा अंश असतात. तिथं ते ओल्या मातीत पडून राहतं, आणि बरंचसं उगवण्याआधी कुजतं. अख्खी खोली गरम करण्यात अर्थ नाही, चिमूटभर बियांपुरती ऊब शोधायची. ओल्या सुती फडक्यात बी गुंडाळून डबीत घालायचं आणि डबी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर ठेवायची. तो डबा दिवसरात्र कोमट असतो. व्होल्टेजचा स्टॅबिलायझरही चालतो. रोज झाकण काढून वारं द्यायचं, नाहीतर बुरशी धरते. पांढरं मूळ दिसलं की मातीत, आणि कोंब वर आला की त्या क्षणापासून गणित उलटं होतं: आता ऊब थोडी कमी चालेल, उजेड मात्र भरपूर पाहिजे. ऊब आहे आणि उजेड नाही अशा जागी रोपं दोन दिवसांत लांब, काटकुळी होऊन आडवी पडतात.

४. शिमल्यात घर भाड्यानं घेताना मी आधी खिडकी कुठल्या तोंडाची ते बघते.

लोअर बाजार डोंगराच्या दक्षिण अंगाला आहे. रिजच्या पलीकडं, उत्तरेला लक्कड बाजार. तिकडं हिवाळ्यात ऊन नावालाच आणि रस्त्यावरचं बर्फ दिवसचे दिवस वितळत नाही. दोन्ही बाजारांत चालत जायला फार वेळ लागत नाही, पण मिरचीच्या दृष्टीनं ते दोन वेगळे देश आहेत. डिसेंबरच्या शेवटी विट्याला दिवस अकरा तासांचा असतो, इथं सुमारे दहा तासांचा. फरक तासाभराचाच, पण सूर्य भर दुपारीही खाली, तिरपा असतो. त्याचा एक फायदा आहे. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार पलंगापर्यंत आत येतं. उत्तरेची किंवा समोर इमारत असलेली खिडकी असेल तर ट्यूबलाईट लावण्याला पर्याय नाही. बाजारात झाडांसाठी म्हणून जांभळ्या उजेडाचे दिवे महाग विकतात. साधी पांढरी एलईडी पट्टी रोपांच्या वीतभर वर टांगली आणि चौदा तास चालू ठेवली तरी रोपं ठेंगणी, दणकट होतात. दिवा रोपापासून हातभर लांब गेला की त्याचा उपयोग निम्म्याहून कमी. रोपं वाढतील तशी दोरी वर घ्यायची.

५. रात्री पडदा ओढला की कुंडी पडद्याच्या कुठल्या बाजूला आहे ते बघावं.

दिवसा जी खिडकी सगळ्यांत उबदार, तीच रात्री घरातली सगळ्यांत थंड जागा. काच आणि पडदा यांच्या मधे राहिलेली कुंडी जवळपास बाहेरच झोपते. आपण आत हीटरशेजारी बसून तिचं भलं केल्याच्या समाधानात असतो. दहा अंशांखाली मिरचीची वाढ थांबते, चार-पाच अंशांवर पानं काळवंडतात आणि पाणी गोठलं की झाड संपलं. संध्याकाळी कुंड्या आत ओढून घ्यायच्या. सिमेंटच्या गार फरशीवर ठेवायच्या नाहीत, खाली थर्माकोलचा तुकडा घालायचा. वरून हवा उबदार आणि मुळाशी गारवा असला तरी पानं पिवळी पडतात. हे लक्षात न आल्यानं लोक खत देत बसतात.

माती इथलीच चांगली. बान नावाचं ओकचं झाड इकडच्या डोंगरांवर आहे. त्याची पानं गुरांखाली अंथरतात, ती शेणमुतात कुजून काळं भुसभुशीत खत होतं. त्यात तितकीच माती आणि थोडी वाळू. कुंडी म्हणून रंगाची रिकामी बादली, बुडाला भोकं पाडून. नत्राचं खत फार झालं की झाड पानांनी डवरतं आणि फुलाचं नाव काढत नाही.

६. हिवाळ्यात मिरची तहानेनं मरत नाही, पाण्यानं मरते.

गारठलेली मुळं पाणी ओढत नाहीत. वरून पानं मलूल दिसतात, म्हणून घरातला प्रत्येक जण येता-जाता तांब्याभर पाणी ओततो. माती ओली आणि पानं लोंबलेली असं दिसलं तर पाणी बंद करून कुंडी उबेला न्यायची. बोट दोन पेरं मातीत घालावं, कोरडं लागलं तरच पाणी. नळाचं पाणी इथं हाताला चावतं, कधी नळच गोठतो. पाणी रात्रभर घरात ठेवून मग द्यायचं. सतत ओल्या कुंडीवर बारीक काळी चिलटं घोंघावायला लागतात. त्यांच्या अळ्या मुळांवर जगतात. वरचा थर आठवडाभर कोरडा ठेवला की तीही जातात.

७. गलाईच्या दुकानात झाड ठेवू नये.

गलाईवाल्यांच्या प्रत्येक घरात हा विचार एकदा येतोच: भट्टी दिवसभर पेटलेली असते, दुकान घरापेक्षा ऊबदार, मग कुंड्या तिथंच का ठेवू नयेत? पण सोनं शुद्ध करताना नायट्रिक ऍसिड वापरतात, इथले लोक तेजाब म्हणतात. त्यात तांबं, चांदी विरघळायला लागली की तांबूस वाफ उठते. ती वर ओढून बाहेर टाकायची सोय असली तरी थोडी राहतेच. पानांच्या कडा तपकिरी होऊन वळतात, मग पान गळतं. माणसाच्या छातीला ती वाफ काय करते ते आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. झाड ते पानावर दाखवतं. शिवाय तिथं लागलेली मिरची खायची कुणी? कुंड्या घरी, दुकानाच्या वरच्या मजल्यावरही नकोत.

८. घरात मधमाशी नाही, तेव्हा तिचं काम आपण करायचं.

मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळं एकटं झाडही फळ धरतं. शेतात वाऱ्यानं फूल हलतं, माश्या येतात, पराग पडतो. बंद खोलीत फूल उमलतं, तीन दिवस लोंबकळतं आणि देठासकट गळतं. सकाळी अकराच्या पुढं, हवा कोरडी असताना, फुलांच्या फांदीला बोटानं हलक्या टिचक्या माराव्यात. एवढं पुरतं. कापसाची काडी, रंगाचा ब्रश वगैरे सोपस्कार मी करत नाही.

टिचक्या मारूनही फुलं गळत असतील तर रात्रीचं तापमान बघावं. पंधरा अंशांखाली पराग नीट तयार होत नाही. अशा वेळी जी मिरची धरते ती बुटकी, वेडीवाकडी असते आणि चिरली तर आत बी नसतं. उलट बाजूही आहे: हीटरच्या तोंडासमोर ठेवलेल्या झाडाचीही फुलं गळतात, कारण हवा फार कोरडी आणि तापलेली.

९. बर्फात कीड नसते हे खोटं.

बाहेर नसते. आत आपण तिच्यासाठी वसंत ऋतू आणून ठेवलेला असतो, आणि तिला खाणारे ढालकिडे तेवढे बाहेर राहतात. मावा आणि कोळी हे दोघे हिवाळाभर पाहुणे. चुरडा-मुरडा गावाकडं सगळ्यांना माहीत आहे, पण पान कुठं वळतं ते बघण्याची सवय थोड्यांना. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर फुलकिडे. खाली वळून देठ लांबला तर कोळी. दोघांवर इलाज वेगळा, म्हणून आधी ओळख पटवावी. पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असेल तर मात्र इलाज नाही, झाड उपटून टाकायचं आणि शेजारच्या कुंड्यांवर लक्ष ठेवायचं.

पहिला उपाय न्हाणीत. झाड आडवं धरून पानांची खालची बाजू कोमट पाण्याच्या धारेनं धुवायची, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. मग निंबोळीचा पाच टक्के अर्क. शेतात १०० लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीचा हिशेब असतो, घरी लिटरला ५० ग्रॅम. कुटून रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायची. शिमल्यात कडुनिंब होत नाही, निंबोळ्याही चटणीच्या डब्याबरोबरच येतात. घरभर वास सुटतो. सुनेनं नाक मुरडलं तर फवारा सुनेच्याच हातात द्यावा, सवय होते.

१०. मेमध्ये बाहेर ठेवताना उन्हापेक्षा माकडांचा विचार जास्त करावा.

घरात वाढलेलं रोप एकदम उन्हात नेलं तर पानं भाजून पांढरी पडतात. आधी तासभर सावलीत, मग कोवळ्या उन्हात, असं आठवडाभर वाढवत नेलं की झालं. हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. जाखूच्या मारुतीची प्रजा मात्र पुस्तकात नसते. माकडं मिरची खात नाहीत. पहिली चावून थुंकतात, आणि मग त्या अपमानाचा सूड म्हणून रोप उपटून छपरावर नेऊन टाकतात. पुढच्या टोळीला हा अनुभव पोचवण्याची काही व्यवस्था त्यांच्यात नाही. जाळीशिवाय गच्चीत कुंडी ठेवू नये.

पक्ष्यांचं वेगळं. तिखटपणा ज्या द्रव्यामुळं, ते आपल्या तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या केंद्रांना फसवतं. तोंड खरंच भाजतंय असं मेंदूला कळतं. या केंद्रांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आणि तो शोध त्यांनी मिरचीतलं तेच द्रव्य वापरून लावला होता. पक्ष्यांच्या अंगात ते केंद्र या द्रव्याला दाद देत नाही. बुलबुल लाल मिरची आनंदानं गिळतात आणि बी लांब नेऊन टाकतात. मी खालच्या दोन-चार मिरच्या त्यांना सोडते.

११. लाडानं वाढलेली मिरची मवाळ निघते.

तिखटपणा आधी वाणावर ठरतो, पण ऊन आणि पाण्याचा ताण यांनी तो साधारणपणे वाढतो. खानापूरच्या माळावर, पाऊस दडी मारलेला असताना आलेली मिरची जिभेवर ठेवता येत नसे. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी तालुक्यात आलं, धाकटे दीर आता द्राक्षाच्या कडेला ठिबकवर मिरची घेतात आणि तिचा ठसका कमी झाला अशी त्यांचीच तक्रार असते. माझ्या खिडकीत तर सगळंच मोजून-मापून. म्हणून मिरच्या भरल्या, की तोडणीआधी पाणी थोडं ओढून धरते. पानं दुपारी किंचित मान टाकतील इतकंच, त्याहून जास्त नाही. फरक जाणवतो. बी काढून मिरची सौम्य करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: तिखट बियांत नसतं, बी ज्या पांढऱ्या पडद्याला चिकटलेलं असतं त्या पडद्यात असतं.

थंडीतही जोमानं वाढणाऱ्या मिरच्या जगात आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात रोकोटो नावाची एक जात आहे. पानांवर लव, फुलं जांभळी आणि बी चक्क काळं. तिला गारवाच मानवतो, उकाडा नाही, फक्त बर्फ सोसत नाही. आपल्याकडं सिक्कीम-दार्जिलिंगच्या डोंगरांत डल्ले खुर्सानी असते, गोल, लाल, बोराएवढी. सिलिगुडीचे चुलतदीर तिचं लोणचं पाठवतात. बीही पाठवलं, झाड उत्तम आलं, मिरची जाळ होती. खर्डा केला तर वासच वेगळा, आमच्या पोरांनी भाकरीबरोबर खाल्ला नाही. आता ते झाड शोभेला ठेवलं आहे.

१२. मिरच्या कमी असतील तर शेंगदाणे वाढवू नयेत.

खिडकीतल्या एका चांगल्या झाडाची एका वेळची तोडणी म्हणजे मूठभर मिरच्या. दुकानातली पाच पोरं जेवायला असतात, सगळी आटपाडी-खटावची. अशा वेळी दाणे दुप्पट घालून वाटीभर चटणी करायचा मोह होतो, पण तो खर्डा राहत नाही. देठ काढून मिरच्या थेंबभर तेलावर काळे डाग पडेस्तोवर भाजायच्या, लसूण सालासकट त्यांच्याबरोबर, मीठ जाडं, आणि तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायचं. मिक्सरमध्ये त्याची पेस्ट होते. दाणे घालायचेच तर मिरचीच्या निम्मे. भाकरीवर लिंबाएवढा गोळा आला तरी पुरतो.

शेजारच्या हिमाचली भाभी थंडीत सिड्डू करतात, वाफवलेली, आत सारण भरलेली जाड पोळी, वर तुपाची धार. त्याच्याबरोबर खर्डा फार जमतो. सिड्डू त्यांच्याकडून, मिरची माझ्याकडून असा आमचा व्यवहार आहे, आणि चैत्रात आम्ही गावच्या यात्रेला गेलो की कुंड्या त्यांच्याकडे असतात. जाताना मी दारावर हिंदीत चिठ्ठी लावते: पाणी आठवड्यातून दोनदा, बोट घालून बघून, माती ओली असेल तर नाही. भाभी चिठ्ठी वाचतात आणि रोज पाणी घालतात. यंदा बादल्यांना भोकं जास्त पाडून घेतली आहेत.